गवताच्या पट्टीसाठी एक्स-एअर: उडवायला सोपं, सांभाळायला कष्टाचं

खाजगी, कुलूपबंद गवताची पट्टी म्हणजे फाटक, पत्र्याची शेड, एक विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आणि बाकी मोकळं रान. पंप नाही, टॉवर नाही, मेकॅनिक नाही. अशा जागी कोणतं विमान ठेवावं, हा प्रश्न दोन आसनी अल्ट्रालाइट (अगदी हलकं छोटं विमान) घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. बंगळूरच्या राज हंस अल्ट्रालाइट्सचं एक्स-एअर हे त्याचं एक चांगलं उत्तर आहे. ते आपल्याकडे बनलं, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या गवताच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं उडलं, आणि जुनं विमान घ्यायचं तर त्याचं नाव हमखास निघतं. हे परीक्षण रोटॅक्स 582 हे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेल्या साध्या एक्स-एअरचं आहे. नंतर आलेलं हनुमान (ब्रिटनमध्ये ते हॉक नावानं विकलं गेलं) हे वेगळं विमान आहे. त्याचे गुणदोष इथे लागू करू नयेत.

रचना अगदी उघडी आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्या बोल्टांनी जोडलेल्या, वर पंख, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी एक मुख्य नळी, आणि सांगाड्यावर चढवलेल्या डेक्रॉनच्या (कृत्रिम कापडाच्या) शिवलेल्या खोळी. दोघं शेजारी शेजारी बसतात, चाकं तीन. पंखांचा विस्तार 9.8 मीटर, क्षेत्रफळ साधारण 16 चौरस मीटर, उड्डाणाचं कमाल वजन 450 किलो. एवढ्या पंखावर एवढंच वजन असल्यानं ते ताशी 55-60 किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं (म्हणजे त्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत) आणि 75-80 च्या वेगानं उतरायला येतं. आखूड पट्टीवर हीच त्याची जमेची बाजू आहे. शिवाय नळी वाकली, तर कुठे वाकली ते डोळ्यांना दिसतं. फायबरच्या विमानात आत दडलेली चीर शोधावी लागते.

आता वजनाचं गणित. रिकामं विमान 245 किलो धरा (आपल्या विमानाचा खरा आकडा त्याच्या वजनाच्या कागदावर असतो, तोच वापरा). प्रत्येकी 90 किलोची दोन माणसं बसली की 425 झाले. उरले 25 किलो, म्हणजे जेमतेम 34 लिटर पेट्रोल. 582 क्रूझला तासाला 15-16 लिटर पितं, पूर्ण थ्रॉटलला 27 च्या घरात जातं. अर्ध्या तासाचा राखीव साठा बाजूला काढला की दोघांचं उड्डाण दीड तासाचं. टाकीत जागा आहे म्हणून ती भरायची, ही या विमानातली सगळ्यांत सहज होणारी चूक आहे.

हवेत विमान सरळ स्वभावाचं आहे, फक्त दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. एक, वळताना रडर (शेपटीचं उभं सुकाणू) मनापासून वापरावा लागतो. नुसती काठी (हातातली नियंत्रणाची दांडी) कलवली तर नाक आधी उलट्या बाजूला सरकतं. दुसरी जास्त महत्त्वाची. इंजिन उंचावर आहे, त्याचा जोर वजनाच्या मध्यबिंदूच्या वरून लागतो. थ्रॉटल दिला की नाक थोडं दबतं, काढला की उचलतं. त्यात नळ्या, तारा, उघडी चाकं यांमुळे हवेचा विरोध फार. चढताना 15-20 मीटरवर इंजिन बंद पडलं, तर नाक आपोआप वर राहतं आणि वेग दोन-तीन सेकंदांत निघून जातो. त्यामुळे आवाज बदलताक्षणी काठी पुढे गेलीच पाहिजे. जड, गुळगुळीत विमानांवर शिकून आलेल्या वैमानिकानं आधी उंचीवर थ्रॉटल ओढून हे पाच-सहा वेळा करून बघावं, मगच पट्टीजवळ खेळावं.

पट्टी किती लांब हवी? दख्खनच्या पठारावरचं उत्तर समुद्रकाठच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं येतं. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाचे गुणक सोपे आहेत आणि ते एकमेकांना गुणायचे असतात: कोरडं गवत 1.2, ओलं गवत 1.3, दर 1000 फूट उंचीला 1.1, दर 10 अंश जादा तापमानाला 1.1, वेगाच्या दहा टक्के मागचा वारा 1.2, दोन टक्के चढ 1.1, वजनात दहा टक्के वाढ 1.2. समजा तुमच्या विमानाच्या पुस्तकात 15 मीटर उंची गाठेपर्यंतचं अंतर 150 मीटर दिलंय. पट्टी पुण्याइतक्या उंचीवर, म्हणजे साधारण 560 मीटरवर आहे, आणि दुपारी पारा 36 वर आहे. तेवढ्या उंचीला मानकात धरलेलं तापमान 11 अंश, म्हणजे 25 अंश जादा. कोरड्या गवताचे 1.2, उंचीचे जवळपास 1.19, उष्णतेचे 1.27. गुणाकार 1.8 च्या वर. दीडशेचे 270 मीटर झाले, आणि त्यावर शिफारस केलेला 1.33 चा सुरक्षा गुणक लावला की 360. पठारावर 400 मीटर ही किमान पट्टी माना, 500 असेल तर मन निवांत राहतं. आणि हे इंजिन ठणठणीत असतानाचं गणित झालं. एप्रिलच्या 40 अंशांत त्याच पट्टीची घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची) 1600 मीटरच्या आसपास जाते, हवा सुमारे 14 टक्के विरळ होते आणि 64 अश्वशक्तीतले साधारण 55 हाती येतात. सकाळी साडेनऊच्या आत उड्डाण उरका हा सल्ला त्यामुळेच.

उतरण्याचं अंतरही वाढतं: कोरड्या गवतावर 1.15, ओल्यावर 1.35, आणि कापून अगदी आखूड केलेल्या ओल्या हिरव्या गवतावर 1.6 पर्यंत. दवानं भिजलेल्या हरळीवर ब्रेक जवळजवळ काहीच करत नाही. चाक थांबतं, विमान घसरत राहतं.

पट्टीसाठी हरळीसारखं गवत नाही. आडवी पसरते, मुळांनी माती धरून ठेवते, चाकाखाली मेली तरी पुन्हा फुटते. पहिल्या पावसानंतर ठोंब लावून पाच ते सात सेंटीमीटरवर कापत राहिलं की पट्टी घट्ट होते. अडचण गवताची नाही, खालच्या मातीची आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि मे महिन्यातली एकेक भेग नाकाचं चाक गिळेल एवढी होते. पावसात तीच माती फुगून चाक आणि मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरायचं थांबतं. चाकांवर टोपणं असतील तर काळ्या मातीच्या पट्टीवर ती काढूनच ठेवा. कायमचा इलाज म्हणजे मुरमाचा थर, मध्यभागी थोडा उंचवटा म्हणजे पाणी दोन्ही कडांना जाईल, त्यावर रोलर आणि वर हरळी. पट्टी वापरण्याजोगी आहे का, हे बघायची सोपी रीत आहे: मोटारीनं ताशी 50 च्या वेगानं टोकापासून टोकापर्यंत जा. मोटारीत नकोसं झालं, तर एक्स-एअरच्या नाकाच्या चाकाला ते सोसणार नाही. या विमानाचं नाजूक अंग तेच आहे. टॅक्सी करताना काठी मागे धरून त्यावरचा भार कमी ठेवा, आणि उतरताना मागची चाकं टेकल्यावर नाक जितका वेळ वर धरता येईल तितकं धरा.

इंजिनाची चाचणी मुरमावर उभं राहून कधीही करू नका. पुढचा पंखा (प्रोपेलर) खडे वर ओढून घेतो आणि पात्याची कड खाऊन टाकतो. गवतावर घ्या, तेही आधी चार पावलं चालून खडे वेचून.

पट्टीच्या टोकापलीकडे काय पेरलंय तेही महिन्या-महिन्यानं बघावं लागतं. जूनमध्ये मोकळं असलेलं रान जानेवारीत तीन मीटर उंच ऊस होऊन उभं असतं. म्हणजे तुमचा अडथळा तेवढा वर आला. शेतातल्या विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चाला. इंजिन बंद पडल्यावर उतरायला काढणी झालेलं गव्हाचं किंवा हरभऱ्याचं रान, नाहीतर गवताळ माळ. उसात चाकं अडकून विमान उलटतं, आणि द्राक्षबागेत तर लोखंडी अँगल आणि तारांचं जाळंच असतं.

आता इंजिन. परीक्षणाचा बराच भाग त्याला द्यावा लागतोय, कारण या विमानाचा बरावाईट अनुभव तिथेच ठरतो. रोटॅक्स 582 हे दोन सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, 580 सीसीचं, मिनिटाला 6500 फेऱ्यांना 64 अश्वशक्ती देणारं टू-स्ट्रोक. इग्निशन दुहेरी, कार्बोरेटर बिंगचे दोन. वजनाच्या मानानं ताकद भरपूर, दुरुस्ती समजायला सोपी. पण ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) 300 तासांनी किंवा पाच वर्षांनी, जे आधी येईल ते. फोर-स्ट्रोक रोटॅक्स 912 ला हीच मर्यादा 2000 तासांची आहे. वर्षाला 40 तास उडणाऱ्याच्या बाबतीत पाच वर्षं आधी संपतात. तेव्हा "फक्त 120 तास चाललेलं" असं सांगून विकायला ठेवलेलं दहा वर्षांचं इंजिन नवं नसतं, त्याच्या क्रँकच्या बेअरिंगांना गंज चढलेला असू शकतो. खुद्द उत्पादक आपल्या पुस्तकात बजावतो की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, त्यामुळे जिथून सुरक्षित उतरता येणार नाही तिथे उडू नका. तो इशारा शब्दशः पाळावा.

582 जाम होण्याची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक टाळता येतात. पहिलं, थंड इंजिनाला पूर्ण ताकद देणं. पिस्टन लगेच तापून फुगतो, सिलिंडर अजून गार असतो, आणि पिस्टनवर चार कोपऱ्यांत खरचटल्याच्या खुणा पडतात. डिसेंबरच्या सकाळी पारा दहावर असताना हे सहज घडतं. सुरू केल्यावर दोन मिनिटं 2000 फेऱ्या, मग 2500, आणि कूलंट 65 अंशांवर स्थिर झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नाही. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधलं गार पाणी एकदम आत येतं आणि काटा खाली पडतो. तो पुन्हा वर येईपर्यंत थांबायचं. वरची मर्यादा 80 अंश.

दुसरं, मिश्रण पातळ होणं. याचा उगम बहुधा कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या काळ्या रबरी सॉकेटमध्ये असतो. नुसतं बघितलं तर ते धडधाकट दिसतं. कार्बोरेटर हातात धरून बाजूला वाकवा, बोट फिरवा. रबर आणि धातूच्या सांध्यात केसाएवढी भेग उघडते आणि हात काढला की मिटते. त्या भेगेतून हवा शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्या सिलिंडरचं ईजीटी (बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान) चढतं. भेग दिसली की सॉकेट बदला. सीलंट लावून भागवू नका. ईजीटी साधारण 500 ते 620 अंशांत राहिलं पाहिजे, 650 ही शेवटची हद्द. दोन सिलिंडरच्या काट्यांमधला फरक नेहमीपेक्षा वाढला, तर आकडे हद्दीत असले तरी खाली उतरा. लांबच लांब उतरताना अर्धा थ्रॉटल ठेवून नाक खाली धरलं की पंख्यावरचा भार जातो आणि ईजीटी चढतं. त्याऐवजी थ्रॉटल पूर्ण कमी करून उतरा, अधूनमधून थोडा देऊन इंजिन उबदार ठेवा.

पंख्याचा कोनही याच्याशीच बांधलेला आहे. विमान जमिनीवर जखडून पूर्ण थ्रॉटल दिला असता 6000 ते 6200 फेऱ्या मिळाव्यात. जमिनीवरच 6500 मिळत असतील, तर हवेत इंजिन 6800 ची मर्यादा ओलांडेल आणि ईजीटीही वर राहील. 5800 च्या खाली अडकत असेल, तर पंखा जड झालाय आणि चढताना ताकद कमी पडेल. कोन अर्ध्या अंशानं बदलला तरी फरक कळतो.

तिसरं कारण तेल, म्हणजे ते घालायचं राहून जाणं. प्रमाण 50 ला 1, 20 लिटरला 400 मिलिलिटर. कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल, मग सगळं तेल, हलवून उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. मिसळलेल्या कॅनला रंगीत चिंधी बांधायची पद्धत ठेवली, तर साधं पेट्रोल टाकीत जात नाही. रोटरी व्हॉल्व्हच्या शाफ्टसाठी तेलाची वेगळी छोटी बाटली असते, तिची पातळी दर उड्डाणाआधी बघा. ती जवळपास हलू नये. हळूहळू उतरत असेल तर आतलं सील गेलंय.

पेट्रोल हा आपल्याकडचा खरा पेच. या इंजिनाला 10 टक्के इथेनॉलपर्यंत चालतं, आणि आता पंपावर सर्रास 20 टक्क्यांचं येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रबराच्या नळ्या आणि डायफ्राम फुगवतं, आणि कॅन महिनाभर पडला तर पाण्यासकट खाली वेगळं होऊन बसतं. तपासायला 100 मिलिलिटरचं मोजपात्र पुरे. 10 च्या रेघेपर्यंत पाणी, वर 100 पर्यंत तेल न मिसळलेलं पेट्रोल, झाकून जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही. 25-28 वर चढला तर तुमच्या हातात 20 टक्क्यांचं पेट्रोल आहे, ते विमानात घालू नका. इंडियन ऑइलचं एव्हगॅस 100 एलएल मिळालं तर इथेनॉलचा प्रश्न मिटतो, मात्र त्यातल्या शिशाची पुटं प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांवर बसतात. तेव्हा प्लग दर 25 तासांनी बदला आणि सिलिंडरचं डोकं उघडून कार्बन जास्त वेळा साफ करा.

नळ्या कडक झाल्या की टोकाशी हवा ओढू लागतात. हातानं दाबायचा रबरी बल्ब आणि इंधनाच्या नळ्या यांना ठरावीक मुदतीत बदलायच्या वस्तू समजा, बिघडल्यावर बदलायच्या नव्हे. बिंगच्या तळाची वाटी तारेच्या क्लिपनं सुटते, अवजार लागत नाही. दर काही उड्डाणांनी ती काढून बघितली की पाण्याचा थेंब किंवा गाळ लगेच दिसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पट्टीच्या कडेचं कुसळी गवत पिकतं. कुसळं रेडिएटरच्या पापुद्र्यांत आडवी रुततात, समोरून दिसत नाहीत, आणि तापमान तीन-चार उड्डाणांत हळूच पाच-सात अंश वर सरकतं. मऊ ब्रश आणि मागून पुढे पाण्याची हलकी धार, एवढ्यानं ती निघतात. जोराची धार मारली तर पापुद्रे दुमडतात. कुंभारमाशी पिटो नळीत (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीत) आणि टाकीच्या हवेच्या भोकात मातीचं घर करते. पिटोवर लाल फडकं लावलेलं झाकण हवंच. हवेचं भोक बुजलं की उड्डाणानंतर काही मिनिटांनी इंजिन उपाशी मरतं, कारण टाकीत पोकळी तयार होते.

कापडाचा शत्रू ऊन. डेक्रॉन उन्हात आतून कमकुवत होतं आणि वरून बरंच उशिरा कळतं. ब्रिटनमध्ये यासाठी बेट्सोमीटरची चाचणी घेतात: 1.2 मिलिमीटरची सुई कापडात टोचून स्प्रिंगच्या काट्यानं 1360 ग्रॅम ओढ द्यायची, कापड फाटलं नाही तर पास. पंखाच्या वरच्या बाजूला आणि शेपटीवर आधी घ्या, तिथे ऊन जास्त पडतं. आपल्याकडे उघड्यावर ठेवलेलं एक्स-एअर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेड नसेल तर निदान पंखांना गिलाफ हवेत. शेडमध्ये उंदीर येतात, शिवण आणि इंधनाच्या नळ्या कुरतडतात. टाके बोटानं चाचपत जायचं, नुसतं बघून सुटलेला टाका सापडत नाही. पावसात भिजलेल्या पंखाचा स्टॉल वेग वाढतो, त्यामुळे थेंब पुसूनच उडायचं.

पावसाळ्याचे चार महिने विमान उभंच असतं, आणि क्रँक गंजायचा काळ तोच. जूनच्या आधी शेवटचं इंजिन चालवताना कार्बोरेटरच्या तोंडातून जतनाचं तेल फवारत पांढरा धूर येईपर्यंत थांबा, इंजिन बंद करा, वाट्या रिकाम्या करा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल, पंखा हातानं चार-सहा वेळा फिरवा, प्लग लावा, सायलेन्सर आणि हवेचं तोंड चिंधीनं बंद करा. स्विच बंद असला तरी पंख्याला हात लावताना तो चालू आहे असंच समजा: या इग्निशनमध्ये स्विचची तार तुटली तर इंजिन बंद होत नाही, उलट सुरू व्हायला मोकळं राहतं.

जॅबिरू 2200 हे फोर-स्ट्रोक बसवलेली एक्स-एअरही आहेत. इंधन कमी पितात, गिअरबॉक्सची कटकट नाही. लांब पट्टी आणि जास्त तास उडणाऱ्यानं त्यांच्याकडे बघावं. आखूड पट्टीवर, हलक्या वजनात, आठवड्याला एक-दोन उड्डाणं करणाऱ्याला 582 च बरं पडतं, पण वरची सगळी कामं स्वतः करायची तयारी असेल तरच.

जुनं घ्यायला गेलात तर क्रम असा ठेवा. आधी डीजीसीएची (देशाच्या विमान नियामकाची) नोंदणी, परवाना आणि वजनाचा कागद. मग इंजिनाच्या वहीत ओव्हरहॉलची तारीख, तास नंतर. मग सुईची चाचणी. पंख्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा, गिअरबॉक्समध्ये खडखड जाणवली तर दातांची झीज मोजायला सांगा. नाकाच्या चाकाच्या वरची नळी आणि तिचे बोल्ट बघा, बोल्टाचं भोक लांबट झालं असेल तर ते विमान एकदा तरी आपटलंय. शेवटी इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. मालकानं तुम्ही यायच्या आधीच ते गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.